उतारावर पायी

सायकलवरून चढ चढणारा आणि उतार आला की खाली उतरून पायी चालणारा मनुष्य मी आजवर एकच पाहिला. जगाची रीत याच्या उलट आहे. चढ लागला की लोक उतरतात, सायकल ढकलत माथ्यापर्यंत नेतात, आणि उतार दिसताच वर बसून वाऱ्याला छाती देतात. आमचे सुभेदार चढ दात आवळून, बैठकीवरून अर्धे उठून, परंतु पायडलवरूनच चढत. माथा आला की थांबत, उपरण्याने घाम पुसत, खाली उतरत, आणि एखादी गाय सावकाश घरी आणावी तशी सायकल उतारावरून हाताने आणत.

साताऱ्यात त्यांच्या घराच्या माडीवर मी अनेक वर्षे भाडेकरू होतो. ते सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, मी शाळेतून संस्कृत शिकवून निवृत्त झालेला. सारी आळी त्यांना सुभेदार म्हणे, ते मला गुरुजी म्हणत, आणि याहून अधिक नावांची आम्हां दोघांना कधी गरज भासली नाही. आता मी सांगलीला कन्येकडे राहतो. सांगली सपाट आहे. कृष्णेच्या काठाने सकाळी सायकल फिरवताना पायांना काहीही कष्ट पडत नाहीत, आणि म्हणूनच सुभेदारांची आठवण अधिक येते. त्यांचा अधूनमधून फोन येतो. प्रकृतीची चौकशी नाही, हवापाण्याची नाही. पहिला प्रश्न ठरलेला असतो : "गुरुजी, चढ घावला का?"

मला सायकलवर बसवले त्यांनीच. गुडघे आखडू लागले तेव्हा वैद्यांनी व्यायाम सांगितला. मी सूर्यनमस्कारांचा विचार करीत होतो, तोवर सुभेदारांनी खालच्या अंगणात एक सायकल पुसून उभी केली. ती स्त्रियांची सायकल होती.

"ही कशी चालेल?" मी विचारले.

"धोतर सोडणार हाय का तुमी?"

"नाही."

"मग हीच. दांडीच्या सायकलवर धोतर घेऊन टांग टाकली तर पयल्याच दिवशी आडवं व्हाल. हिला दांडी न्हाई, साखळीवर झाकण हाय. लाज कसली? लाज बसून ऱ्हाणाऱ्याला."

मी बसलो. पहिल्या आठवड्यात राजवाड्याजवळ दोन तरुणांनी माझ्याकडे पाहून एकमेकांना कोपराने ढोसले. सुभेदारांनी सायकल वळवली आणि त्यांच्यापुढे थांबवली. मला वाटले, आता काहीतरी तिखट बोलणार. ते शांतपणे म्हणाले, "हे गुरुजी मेढ्याच्या रस्त्याला, चढावर निघाल्यात. येता का बरोबर?" तरुणांनी माना खाली घातल्या. वास्तविक आम्ही भाजी आणायला निघालो होतो. परंतु असे म्हटल्यावर सुभेदारांना खरोखरच मेढ्याच्या रस्त्याला जावे लागले, आणि त्यांच्या मागे मलाही. भाजी दुपारी आली.

उतारावर का चालता, या प्रश्नाला त्यांच्याकडे माणूस पाहून उत्तर असे. शाळकरी मुलांना ते सांगत की ब्रेकचे रबर वाचते. शेजारच्या निवृत्त कारकुनांना सांगत की डॉक्टरांनी सांगितले आहे. शहरात अलीकडे सायकलस्वारांचे गट निघाले आहेत; घट्ट रंगीत कपडे, डोक्याला शिरस्त्राण, हँडलवर मोबाइल. अशा एका गटातील मुलाने त्यांना माथ्यावर उतरताना पाहून आदराने विचारले, "काका, काही मदत हवी का?"

"मदत कसली?"

"नाही, तुम्ही उतरलात म्हणून. उतारात तर मजा आहे. मोबाइलवर वेग बघा माझा."

"त्यो तुझा वेग न्हाई, बाळा. डोंगराचा हाय. तुझा वेग वर येताना हुता. तवा मी तुझ्या म्होरं हुतो."

मुलगा मनापासून हसला. सुभेदार मात्र हसले नाहीत. त्या दिवशी खाली पोहोचल्यावर मी चहा मागवला आणि म्हटले, "आज मला तरी खरे उत्तर द्या."

त्यांनी कपातल्या चहाकडे पाहून सांगितले, "चढावर मी सायकल चालवतो. उतारावर ती मला न्हेती. मला कुणी न्हेल्यालं चालत न्हाई, गुरुजी. आपल्या पायानं भरती झालो, आपल्या पायानं घरी आलो. हितनं म्होरं बी तसंच."

वेदान्ताच्या अध्ययनात मी कर्ता आणि भोक्ता यांच्याविषयी पुष्कळ वाचले आहे. कर्तृत्वाचा अभिमान सोडावा असेच शास्त्राचे सांगणे आहे. सुभेदारांचा अभिमान सोडण्याजोगा होता की नव्हता, हे मला तेव्हा ठरवता आले नाही आणि आजही येत नाही. एवढे खरे की त्यांच्यासमोर तो विषय काढण्याचा धीर मला कधी झाला नाही.

एकदा मी सांगलीला आलो आणि जपमाळ गोमुखीसह साताऱ्याला विसरलो. कन्येने फोन करून सुभेदारांना कळवले की कोणी येणारे-जाणारे असेल तर त्याच्या हाती पाठवावी. सुभेदार म्हणाले, "येणारा हाय." तिसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात सायकलसह उभे होते. उंब्रजजवळ चाक पंक्चर झाले, ते स्वतः काढले. आष्ट्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॉलीमागे अडकले. तेथे रस्त्याकाठी एका जैन व्यापाऱ्याचे किराणा दुकान होते. सुभेदारांनी पाणी मागितले, तर त्या गृहस्थांनी सायकल आत घ्यायला लावली, पाट मांडला आणि रात्रीही ठेवून घेतले.

"मी म्हणलं, जरा हातपाय धुतो, बसतो, मग जेवू," सुभेदार सांगत होते. "तर त्ये म्हणतंय, आवं पावणं, दिवस बुडायच्या आत जेवायचं आमच्यात. बसा आधी, पाय मागनं धुवा. पलटणीत बी एवढ्या घाईनं कुणी जेवायला घातलं न्हाई मला. लय मायेचा मानूस."

माळ माझ्या हाती देताना त्यांनी ती दोन्ही हातांनी दिली. मी म्हटले, एवढ्यासाठी इतके कष्ट का घेतले, एस्. टी.च्या चालकाकडे दिली असती. ते म्हणाले, "देवाची वस्तू. कुणाच्या बी हातात कशी द्यायची?" मग सांगली पाहायला म्हणून बाहेर पडले आणि तासाभरात कपाळाला आठ्या घालून परतले. "गाव चांगलं हाय. पर उतरायला जागाच न्हाई. सकाळपासनं बसूनच ऱ्हावं लागतंय सायकलवर."

असे हे गृहस्थ एके सकाळी मेढ्याच्या रस्त्यावर पडले. चढावर नव्हे, उतारावर नव्हे, सपाटीवर पडले. समोरून सैन्याची एक गाडी आली. सुभेदारांचा उजवा हात सलामीसाठी कपाळाशी गेला, पुढचे चाक कडेच्या खडीत शिरले, आणि ते डाव्या खांद्यावर कोसळले. मी मागे होतो. धावत जवळ गेलो तेव्हा ते आडवे पडलेले होते आणि उजवा हात अजून कपाळाशीच होता. गाडी वळणाआड गेल्यावर त्यांनी तो खाली घेतला आणि म्हणाले, "गुरुजी, डावीकडचं काहीतरी मोडलंय बगा."

मी त्यांना सावरत होतो, म्हणून घरी एका वाटसरूने फोन केला. गळपट्टीचे हाड मोडले होते. ते भरून येण्यास जेवढा काळ लागायचा तेवढा लागला, आणि झोळीतून हात सुटला त्याच सकाळी सुभेदार अंगणात सायकलच्या चाकांत हवा भरताना दिसले.

त्यांचा मुलगा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात यंत्रांवर देखरेख करतो. शांत, पापभीरू मनुष्य. वडिलांशी वर तोंड करून बोलणे त्याला कधी जमले नाही. सून मात्र स्पष्ट बोले. "मामा, तुमी पडला तवा फोन मला आला हुता," ती म्हणाली. "पलीकडचा मानूस म्हणतोय, म्हातारा पडलाय, उचलायला या. एवढंच. जित्ता हाय का न्हाई, ते सांगितलंच न्हाई. दवाखान्यापातूर मी कशी आली ते माझं मला म्हाईत."

सुभेदार ऐकून घेत, मान हलवत, आणि सकाळी पुन्हा निघत. ही ओढाताण खंडेनवमीपर्यंत चालली.

खंडेनवमीला त्या घरी शस्त्रे आणि अवजारे पूजण्याची परंपरा आहे, आणि पूजा सांगण्याचा मान त्यांनी मला दिला होता. एरवी पान्हे, पकड, हवेचा पंप आणि सुभेदारांचे जुने होकायंत्र पाटावर मांडले जाई. त्या वर्षी मुलाने पुढाकार घेऊन सायकल आत आणली, धुऊन पुसून देवघरापुढे उभी केली, झेंडूचा भरघोस हार घातला. सुभेदारांचे डोळे पाणावले. मुलाला अखेर उमगले, असे त्यांना वाटले असावे. मलाही तसेच वाटले. मी यथासांग पूजा सांगितली आणि दसऱ्यासाठी सांगलीला निघून आलो. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजेच्या अक्षता वाहून पूजा हलवायची असते. ते काम दरवर्षी मुलगा करी.

कोजागरी करून मी सकाळच्या गाडीने साताऱ्यास परतत होतो. शेंद्र्याच्या फाट्याजवळ गाडी मंदावली आणि खिडकीतून जे दिसले त्याने मी आसनावरून उठून उभा राहिलो. रस्त्याच्या कडेने सुभेदार पायी चालले होते. विजारीच्या टोकाला सायकलची चिमटी, कमरेला पाण्याची बाटली, आणि दोन्ही हात पुढे, मुठी वळलेल्या, जणू हँडल धरले आहे. सायकल नव्हती.

मी वाहकास विनवून तेथेच उतरलो.

"सुभेदार, सायकल कोठे आहे?"

"देवाला बसलीया."

"अजून? दसरा होऊन गेला."

"तुमीच सांगितलंया न्हवं? गुरुजी आल्याबगार उत्तरपूजा करायची न्हाई म्हणून. पोरगं म्हणलं मला."

मी पिशवी खाली ठेवली. मग म्हटले, "मी असे काही सांगितलेले नाही."

सुभेदार थांबले. मुठी हळूहळू उलगडल्या. रस्त्यावरून उसाच्या गाड्या जात होत्या. "म्हंजे हुकूम खोटा," ते म्हणाले.

"मला फोन करून का विचारले नाही?"

"तुमचा शब्द म्हणल्यावर वर परत काय इचारायचं? हुकमाला सवाल न्हाई. पर सायकल पूजेत हाय म्हणून मी काय सुट्टीवर न्हाई. रोज जेवढा रस्ता सायकलनं व्हायचा, तेवढा चाललो. लोक इचारतात, सुभेदार, सायकल चोरीला गेली काय? मी म्हणतो, न्हाई, वर बढती मिळालीया तिला."

"चला, येथून रिक्षाने जाऊ."

त्यांनी माझ्याकडे अशा दृष्टीने पाहिले की मी पिशवी खांद्याला अडकवली आणि चालू लागलो. वाटेत एकदाच मी म्हटले की हुकूमच खोटा ठरला, तेव्हा घरी जाऊन त्यांनी स्वतः सायकल उचलायला हरकत नाही.

"हुकूम खोटा हुता. पूजा खरी हाय," ते म्हणाले. "पलटणीत पूजेतली बंदूक पंडितजीनं अक्षता टाकल्याशिवाय सायब बी उचलत नव्हता. तुमी मांडलीया, तुमीच मोडा. न्हाई मोडली तर मी चालतोय की. पाय हायती."

घरी पोहोचलो तेव्हा सुट्टीमुळे मुलगा ओसरीवरच होता. मला पाहताच तो उभा राहिला आणि त्याचे तोंड उतरले. सुभेदार त्याच्याकडे न पाहता आत जाऊन सायकलपुढे भिंतीला टेकून बसले. हारातील झेंडू वाळून तपकिरी झाला होता. दसऱ्याची आपट्याची पाने कोणीतरी मागच्या चाकावर ठेवली होती, ती तशीच होती.

"गुरुजी, चुकलं माझं," मुलगा हलक्या आवाजात म्हणाला. "तुमच्या नावावर खोटं बोललो. पर दुसरं कुणाचं ऐकत न्हाईत आबा. पूजेतली वस्तू त्ये हलवणार न्हाईत, हे मला म्हाईत हुतं. म्हणलं, तिथंच ऱ्हाऊ दे कायमची. रोज हार घालू, उदबत्ती लावू. मान बी ऱ्हातो, मानूस बी ऱ्हातो. तुमी एकदा हो म्हणा फक्त."

त्याच्या बोलण्यात कपट नव्हते. वडील गमावण्याचे भय होते. म्हणून मी रागावलो नाही. परंतु होही म्हणालो नाही.

"तुमच्या कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते ना?"

"व्हय. मीच हार घालतो."

"मग दुसऱ्या दिवशी काय करता?"

"दसऱ्याला नारळ फोडून चालू करतो."

"हार घातला आहे, मान दिला आहे, तशीच बंद राहू द्यावी असे कोणी म्हणाले तर?"

"बंद यंत्राला कोण पूजंल," असे तो अखेर म्हणाला, पण माझ्याशी नव्हे.

"मला शाळेने शाल आणि नारळ देऊन निरोप दिला," मी म्हणालो. "फार सुंदर समारंभ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या वेळेला मी शाल पांघरून घरी बसलो होतो. अवजाराची पूजा त्याच्या कामासाठी करतात. काम काढून घ्यायचे आणि हार घालायचा, याला शास्त्रात पूजा म्हणत नाहीत. माझ्या नावावर तुम्ही जे सांगितले ते मी आज खरे करणार नाही."

मुलगा म्हणाला, "आणि परत पडले तर, गुरुजी?"

या प्रश्नाला माझ्यापाशी शास्त्र नव्हते. खरे तर कोणापाशीच नसते.

तेवढ्यात सून आतून आली. तिच्या हातात कोमट तेलाची वाटी होती. ती सासऱ्यांच्या पायांशी बसली आणि त्यांची पावले पदराने पुसू लागली. तळव्यांना फोड आले होते. काही फुटून लाल झाले होते. सुभेदारांनी पाय ओढून घेतले. तिने ते पुन्हा पुढे ओढले.

"हलवू नका, मामा." मग मान वर न करता नवऱ्याला म्हणाली, "बगितलं का? रोज सांजला हेच करती मी. तुमाला वाटलं, सायकल बांधली म्हंजे मानूस बांधला. आता रस्ता तेवढाच, आन पायांचं वाटोळं. मला भ्या वाटतंच. सायकलवर बी वाटतं, चालताना बी वाटतंय. मग सायकलवर तरी बसू द्या, पाय तरी शाबूत ऱ्हातील."

मग तिने हात पुसले, उठून आत गेली आणि अक्षतांची वाटी आणून माझ्यापुढे ठेवली. "काढा पूजा, गुरुजी."

मी स्नान करून सोवळे नेसलो. उत्तरपूजा सांगितली, देवतेला पुन्हा येण्याची प्रार्थना करून निरोप दिला, आणि अक्षता वाहून हँडलला हात लावून सायकल किंचित पुढे सरकवली. एवढेच असते ते. सुभेदार उभे राहिले आणि त्यांनी माझ्यापुढे नव्हे, सुनेपुढे टाचा जुळवल्या. ती म्हणाली, "पुरे झालं. जेवायला बसा."

पायांचे फोड बरे झाल्यावर कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी पहाटे सुभेदारांनी यवतेश्वरचा घाट काढला. दसऱ्याला राहिलेले सीमोल्लंघन आता करायचे, असे त्यांनी आदल्या दिवशी जाहीर केले होते. वाळलेला हार त्यांनी काढू दिला नाही. ते पुढे आणि मी मागे, मी अर्थातच जगाच्या रीतीने, म्हणजे सायकल ढकलत. डांबरावर झेंडूच्या पाकळ्या पडत गेल्या, त्यांवरून पुढे कोण गेले आहे ते कळत होते. बऱ्याच अंतराने आमच्या मागे एक मोटार येत होती. ती ना पुढे जाई, ना भोंगा वाजवी. सुभेदारांनी एकदाही मागे वळून पाहिले नाही.

मी माथ्यावर पोहोचलो तेव्हा ते उतरून उभे होते. मोटारही येऊन थांबली. मुलगा बाहेर आला.

"आबा, चढलासा. लय झालं. आता खाली गाडीत बसा. सायकल मागं टाकतो."

"मला न्हेल्यालं चालत न्हाई, तुला म्हाईत हाय."

"मग मी काय करू? मागनं गाडी घेऊन हळूहळू येऊ?"

"तुझ्या गाडीचं तू बग."

सुभेदारांनी हँडल धरले आणि चालू लागले. मुलगा काही क्षण मोटारीच्या दाराशी उभा राहिला. मग त्याने दार लावले, किल्ली खिशात टाकली आणि वडिलांच्या डाव्या बाजूला, म्हणजे मोडून सांधलेल्या खांद्याच्या बाजूला, चालू लागला. मी सायकलवर बसलो आणि त्यांच्या शेजारून वाऱ्यासारखा खाली आलो. पायथ्याच्या चहाच्या टपरीवर मी पुष्कळ वेळ वाट पाहिली.

ते दोघे बोलत आले. काय बोलले ते मला ठाऊक नाही. सुभेदार बाकावर बसले, चहाचा पहिला घोट घेतला आणि घाटाकडे पाहत मुलाला म्हणाले, "गाडी कुठाय रं तुझी?"

मुलाने घाटाकडे पाहिले. टपरीवाला हसू लागला.

"घे," सुभेदारांनी सायकल त्याच्याकडे लोटली. "चढावर बसायचं. खाली उतरलास तर मला हितनं दिसंल. वर गेलास की सायकल गाडीत टाकून आण. तिला न्हेल्यालं चालतंय."

मुलगा सायकलवर बसला. पहिल्या वळणाला तो डगमगला, तेव्हा सुभेदार कप हातात घेऊन उभे राहिले. तो उतरला नाही. वळणाआड गेला तेव्हा ते पुन्हा बसले. त्यानंतर आम्ही आणखी एक चहा घेतला, आणि मोटारीच्या आवाजाकडे कान लावून बसलो. मोटारी येत होत्या, परंतु त्याची येत नव्हती.

बऱ्याच वेळाने सुभेदार म्हणाले, "ह्यो बगा."

वळणावरून तो पायी येत होता. सदरा घामाने अंगाला चिकटला होता, दोन्ही हातांनी हँडल धरले होते, आणि पुढे हाराचा नुसता दोरा लोंबत होता. मोटार बरोबर नव्हती. तो जवळ आला, सायकल बाकाला टेकवून उभी केली आणि टपरीवाल्याला चहा सांगितला.

"गाडी?" सुभेदारांनी विचारले.

"वरच हाय."

"का रं?"

मुलाने कप ओठाला लावला आणि वडिलांकडे पाहून म्हणाला, "परत चढायला कायतरी निमित्त नगं व्हय, आबा?"